शिडव्याचा पाड

फाट्यावरची पाटी वाचलीत ना? 'पाड्याची बाग' असं लिहिलंय तिच्यावर. लिहिणाऱ्या साहेबाला वाटलं, वर डोंगरात वारल्यांचा हेदपाडा आहे, म्हणजे बागही पाड्याचीच असणार. दोन वेळा तालुक्याला जाऊन सांगून झालं, की बाबा रे, पाडा वेगळा आणि पाड वेगळा, ही पाडाची बाग आहे. साहेब म्हणाला, एका अक्षरानं काय बिघडतं? ज्याला आंबा फक्त पेटीत दिसतो त्याला ते कळायचं नाही. तुम्ही मात्र ऊन सोसून इथवर चालत आलात, तर बसा सावलीला. घाम पुसा. फक्त या खोडाला पाठ टेकू नका. हा शिडव्याचा आंबा आहे आणि याला कुणी पाठ टेकत नाही.

आता वर बघा. दीड पुरुष उंचीवर खोडाच्या दोन फांद्या झाल्या आहेत ना, त्या बेचक्यातली साल बाकीच्या झाडासारखी खरखरीत नाही. जुन्या उंबऱ्यासारखी गुळगुळीत आहे. असं सांगतात, की तिथं एक बाई पाच दिवस बसली होती. पाच दिवसांत कुठं साल झिजते का, असं तुमच्यासारखे शिकलेले लोक विचारतात. बसणारी कोण होती ते आधी ऐका आणि मग काय ते ठरवा.

पण त्याआधी पाड म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आंबा झाडावरून दोन तऱ्हांनी खाली येतो. एक, माणूस काढतो. दुसरा, झाडावरच पिकतो, देठातून आपसूक सुटतो आणि पडतो. तो पाड. झाडाचा पहिला पाड पडला म्हणजे बाकीची फळं आतून तयार झाली, आता ती उतरवून अढीत, म्हणजे गवतात, पिकत घालायला हरकत नाही. त्याआधी काढलेलं फळ अढीत पिकत नाही. सुरकुततं, काळं पडतं आणि तोंडात घातलं तर दात आंबतात. हे कुठल्याही बागवाल्याला ठाऊक असतं. हेदपाड्याच्या वारल्यांना त्याहून थोडं जास्त ठाऊक होतं.

गोष्ट राजाच्या काळातली की गोऱ्यांच्या, यावर म्हाताऱ्यांचं एकमत नाही. बाग इनामदारांची होती एवढं नक्की. साडेतीनशे आंबे होते म्हणे. हेदपाड्याचे वारली शिमगा झाला की पोरंबाळं, कोंबड्या, मडकी घेऊन डोंगर उतरायचे आणि बागेतच खोपी घालून राहायचे. पुरुष झेले घेऊन झाडावर चढायचे. झेला म्हणजे लांब बांबू, त्याच्या टोकाला एक पातं आणि खाली जाळी, देठ कापला की आंबा जाळीत. बायका खाली टोपल्या धरायच्या आणि अढीपर्यंत वाहायच्या. दोन वेळची पेज मिळायची आणि परत निघताना घरटी पोतं-पोतं भात. मृगाच्या आत सगळे वर, आपल्या नाचणीच्या उतारावर. बाग इनामदारांची हे खरं, पण त्यातलं एकेक रोप वारल्यांच्या आज्या-पणज्यांनी नदीवरून घडे आणून जगवलं होतं. ते कुणी कुठं लिहून ठेवलं नाही.

या लोकांचा एक नेम होता. ज्या झाडाचा पाड पडला नाही त्या झाडाला हात लावायचा नाही. पाड हा झाडाचा होकार. आणि तो पहिला पाड जिवंत माणसानं आधी खायचा नाही. वर्षभरात पाड्यावर जे कुणी गेलं असेल त्याच्या नावानं तो ठेवायचा, तो ज्या झाडावर राबला त्याच झाडाचा. तो घास मिळाला की मेलेला माणूस सुटतो आणि आपल्या वाडवडिलांत जाऊन बसतो. नाही मिळाला तर झाडावरच अडकून राहतो. पुढच्या वर्षी देतो म्हटलं तर चालत नाही. त्या वर्षाचा पाड चुकला की कायमचा चुकला.

हेदपाड्यावर शिडवा नावाचा गडी होता. त्याच्यासारखा झाडावर चढणारा तेव्हा चार डोंगरांत नव्हता. तुम्ही बसलात हे झाड त्याचं. लहानपणापासून हेच चढला, दुसऱ्या कुणाला चढू दिलं नाही. देठाकडे बघून सांगायचा, हा उद्या पडेल, हा परवा. बोलायचा मात्र कमी. त्याची कसर त्याची बायको भरून काढायची. तिचं नाव सोमी. सोमी बोलायला लागली की कावळेसुद्धा फांदी बदलत, असं म्हणतात. हातपायही तसेच, एका जागी घडीभर ठरायचे नाहीत. तो वरून गप्प, ही खालून अखंड, असा त्यांचा वीस वर्षं संसार चालला आणि चांगला चालला.

त्या वर्षी भादव्यात शिडवा तापानं गेला. सोमी गप्प झाली असेल असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. ती मेलेल्याशीच भांडत राहिली. नाचणी कापायला आली आणि मला एकटीला टाकून गेलास, लाज नाही वाटली, असं शेतात उभी राहून मोठ्यानं बोलायची. बायका समजावायच्या, अगे, गेला तो. ती म्हणायची, गेला कुठं, त्याचा पाड व्हायचाय अजून. चैत्रात बाकीच्यांबरोबर ती खाली आली आणि पहिल्यांदा या झाडाशी आली. खोडावर हात ठेवला. "आलेय हां," म्हणाली, "वाईच दम धर." आणि मग खोप बांधायला गेली.

पण त्या वर्षी थंडी लांबली होती. मोहोर उशिरा आला, फळ उशिरा धरलं. दर वर्षी ज्या सुमाराला पाड लागायचा, त्या सुमाराला आंबे हिरवेगार, दगडासारखे. आणि नेमकी त्याच वर्षी भिकाजीराव इनामदारांना घाई. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुणी मोठे सुभेदार मुक्कामाला यायचे होते. माझ्या बागेचा आंबा आखितीच्या पंक्तीला तुमच्या ताटात असेल, असा शब्द इनामदार देऊन बसले होते. आखितीला उरले होते जेमतेम सहा दिवस. अढीत आंबा पिकायला पाच तरी हवेत. त्यांनी कारभाऱ्याला पाठवलं, उद्यापासून काढणी.

वारल्यांचा म्होरक्या होता रडका डोसा. डोसा म्हणजे म्हातारा, तुमचा चटणीबरोबर खायचा डोसा नव्हे. नाव रडका, पण त्याला रडताना कुणी बघितलं नव्हतं. तो म्हणाला, पाड नाय पडला. कारभारी म्हणाला, पाड पडो नाहीतर आभाळ पडो, काढणी उद्या. रडका डोसा पुन्हा तेच म्हणाला, पाड नाय पडला. कारभाऱ्यानं आवाज चढवला, मग दम दिला, मग गोडीगुलाबीनं घेतलं. म्हाताऱ्याच्या तोंडी तेच तीन शब्द. शेवटी कारभारी कंटाळला आणि सगळ्यांना चावडीवर घेऊन गेला.

चावडीवर त्या दिवशी पाच गावचे लोक जमले होते, दुसऱ्याच कसल्याशा कामासाठी. इनामदार खुशीत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. अडाण्यांशी कशाला वाद घालायचा, असा त्यांचा विचार असावा. ते म्हणाले, "पाडाचं काय घेऊन बसलात? झाडावरून आपसूक पडेल तो पाड, तो सगळा तुमचा. झाडावर आहे ते माझं. झालं समाधान? आता चढा." लोकही हसले. साडेतीनशे झाडांचे पहिले पाड म्हणजे चार टोपल्या आंबे, त्यात इनामदारांचं काय जाणार होतं.

सोमी मागं बायकांत उभी होती. ती पुढं आली. डोकीवरची टोपली खाली ठेवली आणि फार अदबीनं म्हणाली, "सरकार, जरा परत सांगा. आमच्या डोशाला ऐकू कमी येतं."

रडक्या डोशाला डोंगरापलीकडचं भेकर ऐकू यायचं. पण तो कानाला हात लावून उभा राहिला. इनामदारांनी पुन्हा सांगितलं, या खेपेला मोठ्यानं, शब्द न् शब्द सुटा करून, की पाच गावच्या लोकांना नीट ऐकू जावा. आपसूक पडेल ते तुमचं. झाडावर आहे ते माझं.

"मग आमी पडायची वाट बघतो," सोमी म्हणाली.

बाग गाठेपर्यंत कुणाच्या नीट लक्षात आलं नव्हतं. तिथं पोचल्यावर सोमी आपल्या झाडाखाली जाऊन बसली. तिच्यामागून रडका डोसा बसला, मग एकेक करत सगळे आपापल्या झाडाखाली बसले. झेले खोडांना टेकवून ठेवले. तेव्हा कारभाऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. हे लोक चढलेच नाहीत, तर साडेतीनशे झाडांवरचा एकेक आंबा पिकणार, एकेक आपसूक पडणार, आणि जो पडेल तो पाड. पाच गावांसमोर, दोन दोन वेळा, स्वतःच्या तोंडानं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारभारी पळत वाड्यावर गेला आणि इनामदारांचं हसू त्या दिवशी संपलं.

दुसऱ्या दिवशी पेज बंद झाली. वारल्यांनी कंद उकडले. तिसऱ्या दिवशी बागेतल्या विहिरीवर फळ्या ठोकल्या आणि पहारा बसवला. बायका नदीवर गेल्या. नदी कोरडी होती, तर वाळूत हातभर खड्डा खणला, झिरा लागला, वाटी वाटी पाणी भरून आणलं. कारभारी रोज येऊन विचारायचा, चढता का? रडका डोसा म्हणायचा, पाड नाय पडला. चौथ्या दिवशी इनामदारांनी बंदरावरून वीस हमाल आणले.

ते लोक पोती वाहणारे. झाडावर चढणं त्यांना काय ठाऊक. चार जण चढले, त्यातले दोन अर्ध्यातून उतरले. झेला धरता येईना, तेव्हा त्यांनी दोर बांधून फांद्या हलवायला सुरुवात केली. धपाधप आंबे पडले. वारल्यांची पोरं उचलायला धावली, पडलं ते आमचं म्हणत. सोमीनं ओरडून त्यांना जागच्या जागी थांबवलं. "हलवून पाडलेला पाड नव्हं," ती म्हणाली, "ते सरकारचं. हात लावू नका." उपाशी पोरांनी उचललेले आंबे परत जमिनीवर ठेवले. हमालांनी ते गोळा केले, अढीत घातले. त्यांचं पुढं काय झालं ते येईलच.

पाच-सहा झाडं झोडून झाल्यावर हमाल या झाडाकडे वळले. सोमी उठून उभी राहिली. हात पसरून आडवी होईल, शिव्या देईल, असं सगळ्यांना वाटलं. ती एक अक्षर बोलली नाही. लुगड्याचा काचा घट्ट मारला, खोडाला मिठी घातली आणि वर चढली. वारल्यांच्या बायका झाडावर काढणीला चढत नसत, उभ्या जन्मात ती चढली नव्हती. गुडघे सोलवटले, पण चढली आणि त्या बेचक्यात बसली.

वरती बसल्यावर मात्र तिच्या ध्यानात आलं, की आपण काय करून बसलो. खाली असती तर निदान झाड तरी मोकळं राहिलं असतं. आता ती झाडावर होती. तिच्या हालचालीनं फांदी हलली आणि फळ पडलं, तर तो पाड होणार नव्हता. शिडवा तसाच लटकत राहणार होता, आणि तो तिच्यामुळं. उतरली तर हमाल दोर बांधणार. म्हणजे बसायचं आणि हलायचं नाही. जिला घडीभर एका जागी ठरता येत नव्हतं, तिच्यावर ही पाळी आली.

हमालांचा पुढारी चांगला वयस्क माणूस होता. त्यानं रडक्या डोशाला विचारलं, ही बाई वेडी आहे का? डोशानं त्याला सगळं सांगितलं. शिडवा, त्याचं झाड, त्याचा घास.  हमाल म्हणाला, "पिंडाला कावळा शिवल्याशिवाय आम्ही तरी कुठं जेवतो?" त्यानं दोर गुंडाळला. वीसच्या वीस हमाल त्याच दुपारी बंदराच्या वाटेला लागले. जाताना आपल्या भाकऱ्या पोरांच्या हातावर ठेवून गेले म्हणतात.

मग उरली ती वर सोमी आणि खाली सगळं गाव. आता उतरायचं तर फांदी हलणार, आणि इनामदार उद्या दुसरे हमाल आणणार नाहीत कशावरून? पहिल्या दिवशी चारशे पावलांवरून बघणारे दुसऱ्या दिवशी जवळ येऊन बसले. तिला पाणी पोचवायचं कसं, तर झेल्यानं. जाळीत पाण्याचा भोपळा ठेवायचा आणि पानालाही धक्का न लावता तिच्या हातापर्यंत न्यायचा. ज्या हातांनी आजवर आंबे खाली आणले त्यांना हे जमलं. कंद तसेच, नाचणीची अंबिल तशीच. बाकीच्या विधींचं काय, असं तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच, नेहमी कुणीतरी विचारतं. ते बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरून बघितलं. तुम्ही त्यात पडू नका.

झाडावर लाल मुंग्या होत्या, आजही आहेत, बघा ती पानं चिकटवून केलेली घरटी. त्या तिला चावायच्या. ती हात उचलायची नाही. पाय सुजले, पाठ मोडून आली. खालून बायका रडायच्या, उतर ग बाय, तो समजून घेईल. पहिला दिवस ती शिडव्याशी पुटपुटत भांडत होती. वीस वर्षं खालून बडबड करत होते, तू वर हे सोसत होतास होय, एकदा तरी सांगायचंस की मुंग्या चावतात. दुसऱ्या दिवसापासून तेही बंद झालं. ओठ हलले तर मान हलते, असं तिला वाटू लागलं असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते घडलं. तिच्या पायात पेटका आला. तिनं दात आवळून धरले, पण पाय झटका देऊन सुटलाच. शेजारची डहाळी हलली आणि एक आंबा टपकन खाली आला. खालच्या लोकांनी पाय बघितला नव्हता. त्यांनी आंबा बघितला. पिवळसर, देठापाशी लाली आलेला. पाड पडला, पाड पडला, एकच कल्ला झाला. रडक्या डोशानं, ज्याला कुणी रडताना बघितलं नव्हतं, त्यानं डोळे पुसले. तिच्या जावेनं आंबा ओच्यात घेतलासुद्धा.

आता इथं जरा थांबा आणि मनात आणा. कुणाला काही दिसलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर त्या क्षणी उतरली असती, गाव नाचलं असतं, इनामदारही सुटले असते. जिच्या गप्प राहण्यासाठी नवरा वीस वर्षं झुरला, तिनं नेमकं तेव्हा गप्प राहायचं नाकारलं.

"ठेव तो," वरून आवाज आला. चिरका, कोरडा. "माझ्या पायानं पडला. पाड नव्हं. सरकारचा हाय, नेऊन द्या."

जावेनं आंबा खाली ठेवला. लोकांना कळेना, रागवावं की काय करावं. एक जण तर म्हणाला, हिच्यापायी आपण सगळे मरू. कारभारी तिथंच उभा होता. त्यानं आंबा उचलला, उपरण्यात बांधला आणि वाड्यावर नेऊन इनामदारांपुढं ठेवला. काय झालं ते सांगितलं. इनामदार त्या आंब्याकडे बराच वेळ बघत बसले. तो त्यांनी खाल्ला नाही एवढं नक्की, कारण तो तसाच देव्हाऱ्याशी सुकून गेलेला पुढं कित्येकांनी बघितला.

मधल्या काळात आखिती येऊन गेली. हमालांनी झोडून पाडलेले आंबे अढीतून काढले तर चामड्यासारखे. तरी शब्द दिला म्हणून पाठवले. सुभेदारांनी एक फोड तोंडात घातली, बाहेर काढली आणि आख्खी टोपली परत पाठवली. इकडं बागेत ऊन चढलं तसे झाडाझाडांचे पाड लागले. या झाडाखाली एक, त्या झाडाखाली दोन, मग पाच, मग टोपलीभर. हेदपाड्याच्या पोरांचे गाल केशरी झाले. पाच गावच्या लोकांनाही वाटे गेले. पाड पडलेल्या झाडांवर चढायला आता हरकत नव्हती, वारल्यांचा नेमही तेच सांगत होता. पण सोमी उतरत नाही तोवर कुणी झेला धरला नाही. आणि या एका झाडावरून काही म्हणजे काही पडत नव्हतं.

पाचव्या दिवशी इनामदार स्वतः आले. पालखी नाही, चोपदार नाही, डोकीवर छत्रीसुद्धा नाही. या झाडाखाली, तुम्ही टोपी ठेवलीत साधारण तिथं, उभे राहिले आणि वर बघितलं. चावडीवर अदबीनं बोलणारी ती बाई त्यांना ओळखू आली नाही. ओठ फुटलेले, अंगावर चाव्यांचे फोड, डोळे तेवढे जागे.

ते म्हणाले, "सोमे, उतर. आंबा मी देतो. माझ्या हातानं देतो. एक नको, टोपली घे, तुझ्या नवऱ्याच्या नावानं ठेव. झाला माझा हट्ट."

इनामदारानं वारलीण बाईला आपल्या हातानं आंबा देणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. बरोबरच्या लोकांना वाटलं, झालं, जिंकली ही. खुद्द रडका डोसा म्हणाला, घे ग बाय.  तिनं आधी जीभ ओली केली.

"दिलेला आंबा पाड नसतो, सरकार," ती म्हणाली.

 इनामदार गेले नाहीत, तिथंच उभे राहिले. वारा पडलेला, पान हलत नव्हतं.  ती हलली नाही, हे त्या दिवशी पाच गावच्या लोकांनी बघितलं, आणि सगळ्यात जवळून इनामदारांनी बघितलं. उन्हं डोकीवर आली. आणि थेट वरच्या शेंड्यातून, जिथं शिडवा शेवटी चढायचा, तिथून एक आंबा सुटला. फांद्यांमधून वाट काढत, कशालाही न आपटता खाली आला आणि इनामदारांच्या पायाशी पडला.

इनामदार वाकले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं म्हणतात, पायाशी पडलेलं फळ उचलायची साधी सवय. जन्मभर या बागेत जे पायाशी आलं ते त्यांनी उचललंच होतं. हात आंब्याशी पोचला.

"उचलू नका," सोमी म्हणाली. "तुमचं वर हाय."

हात तिथंच थांबला. बागेतली शेदोनशे माणसं बघत होती. इनामदार हळूहळू सरळ झाले. मग त्यांनी एक पाऊल मागं घेतलं. भीतीनं घेतलं की लाजेनं, यावर इथल्या पाच गावच्या लोकांत अजून वाद आहे. घेतलं एवढं खरं.

सोमीला उतरवायला चार जण लागले. पायांत जीव नव्हता. ती बसून सरकत आंब्यापर्यंत गेली, तो उचलला, पदरानं पुसला. खोडाच्या मुळाशी पान मांडून त्यावर ठेवला. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही, पण पुष्कळ बोलली, पाच दिवसांचं साठलेलं. मग शेंड्याकडे बघितलं. किती वेळ बघत होती ते सांगत नाहीत. मग तिनं खणखणीत आवाजात सगळ्या बागेला ऐकवलं, "पडला." आणि रडली. भादव्यापासून पहिल्यांदा रडली.

रडून झाल्यावर डोळे पुसून म्हणाली, टोपल्या आणा ग. आता सरकारचं उतरून देऊ. झाडावर होतं ते त्यांनी त्यानंतर सगळं काढून दिलं, एक आंबा मागं ठेवला नाही. त्या वर्षीचा आंबा जसा गोड होता तसा पुन्हा झाला नाही, असं म्हणतात, पण ते प्रत्येक गेलेल्या वर्षाबद्दल म्हणतात. विहिरीवरच्या फळ्या कुणी काढल्या ते कळलं नाही. सकाळी नव्हत्या.

भिकाजीरावांनंतर बाग चार हातांतून गेली. आताचा मालक शहरात राहतो. व्यापारी त्याच्या मागं लागतात, आठवडाभर आधी काढलात तर दुप्पट भाव. तो त्यांना घेऊन येतो खरा, ट्रक फाट्यापर्यंत येतात, ड्रायव्हर बिड्या ओढत बसतात. हेदपाड्याच्या बायका झाडाखाली बसलेल्या असतात, गप्पा मारत. त्या कुणाला अडवत नाहीत, कुणाशी भांडत नाहीत. नुसत्या बसतात, आणि तोवर झेल्याला हात लावणारा माणूस या तालुक्यात सापडत नाही. आजही पाड पडला की मालक, तो कुणीही असो, जिथं उभा असेल तिथून एक पाऊल मागं सरतो. त्याला ते कुणी शिकवत नाही. समोरची म्हातारी हातावरची माती झटकून उठते, त्याच्याकडे न बघता त्याच्या पुढून जाते आणि आपला आंबा उचलते.